ई-मेलमधल्या संक्षेपांच्या कमांड आणि त्यांचं मदतलेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, देवगड आणि मालवण अशा तीन ठिकाणी विखुरलेला आमचा छोटा गट आहे. कोणी बागायतदार, कोणी वाचनालयाचं काम पाहणारं, एकजण शाळेतून निवृत्त झालेले. समान धागा एवढाच की आम्ही सगळे पत्रव्यवहार ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधून करतो. जुन्या यंत्रावर तो चालतो, सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत राहतं आणि पावसाळ्यात नेट गेलं तरी पत्र लिहून ठेवता येतं. ईमॅक्समध्ये पत्ते लिहिण्यासाठी संक्षेपांची सोय आहे. तिच्यावरची मदतपानं मराठीत लिहायला आणि मूळ इंग्रजीतल्या त्रुटी दुरुस्त करायला आम्ही सुरुवात केली, तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे पान देवनागरीत असल्यामुळे कमांडची नावंही देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

हा संक्षेप म्हणजे काय?

एखाद्या पत्त्याला किंवा पत्त्यांच्या गटाला दिलेलं छोटं नाव. पत्राच्या ‘टू’ ओळीत ‘वाशी’ एवढंच लिहून स्वल्पविराम दिला, की तिथल्या चार अडत्यांचे पूर्ण पत्ते उमटतात. ‘दापोली’ लिहिलं की कृषी विद्यापीठातल्या ज्या विभागांना आपण मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दल विचारतो, त्यांचे पत्ते येतात. ही नावं घरच्या फोल्डरमधल्या ‘मेलआरसी’ नावाच्या फाइलीत ठेवलेली असतात. तिच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब असतं, त्यामुळे ती फाइलींच्या यादीत सहसा दिसत नाही. नवा माणूस पहिल्यांदा अडतो तो इथेच, म्हणून हे टिंब मदतपानाच्या पहिल्या परिच्छेदात सांगावं.

‘एलियास’ आणि ‘अ‍ॅब्रेव्ह’ हे दोन शब्द दिसतात. गोष्ट एकच ना?

नाही. आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न या एका गोंधळातून आलेले असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ईमॅक्समध्ये याच कामाचे दोन वेगळे भाग आहेत. पहिला ‘मेलएलियास’. यात तुम्ही लिहिलेलं छोटं नाव पत्रात तसंच राहतं आणि पत्र पाठवायच्या क्षणी त्याच्या जागी खरे पत्ते येतात. दुसरा ‘मेलअ‍ॅब्रेव्ह’. यात तुम्ही नाव टाइप करून पुढचं विरामचिन्ह दिलं की तिथल्या तिथे, डोळ्यांसमोर पत्ते उमटतात. दोघंही तीच मेलआरसी फाइल वाचतात, म्हणून माणसाला वाटतं की गोष्ट एकच आहे. पण पहिल्यात नवं नाव जोडायची कमांड ‘डिफाइन-मेल-एलियास’ आणि दुसऱ्यात ‘डिफाइन-मेल-अ‍ॅब्रेव्ह’. एकाच्या मदतपानावरची कमांड दुसऱ्याच्या भरवशावर वापरली, की मी सांगितलं तसंच केलं तरी काहीच झालं नाही अशी तक्रार येते, आणि ती तक्रार खरी असते.

यातला फरक व्यवहारात किती महत्त्वाचा आहे, ते आमच्या एका बागायतदार सदस्याच्या अनुभवावरून कळलं. त्यांच्याकडे ‘पुणे’ म्हणजे घरगुती गिऱ्हाइकं आणि ‘पुणे-अडते’ म्हणजे घाऊक घेणारे, असे दोन गट होते. एप्रिलच्या घाईत घाऊक दराचं पत्र त्यांनी ‘पुणे’ला लिहिलं. पत्ते समोर उलगडले आणि पहिल्याच ओळीत ओळखीच्या मावशींचं नाव दिसलं, म्हणून त्यांनी हात आवरला. पाठवण्याच्या क्षणी उलगडणारी पद्धत असती तर पत्र गेलं असतं. म्हणून आमच्या पानांत आम्ही ‘मेलअ‍ॅब्रेव्ह’ आधी शिकवतो: पत्र कोणाला जाणार आहे ते पाठवण्याआधी दिसतं.

जाता जाता: ‘पुणे-अडते’ लिहिताना ‘पुणे’ नंतरची आडवी रेघ दिल्यावर मधेच ‘पुणे’ उलगडत नाही. तेवढी काळजी ईमॅक्स घेतो. हेही मदतपानात एका वाक्यात असावं, कारण ते न सांगितल्यामुळे लोक गटांना रेघेची नावं द्यायला घाबरतात.

मूळ मॅन्युअल आहेच. मग नव्यानं लिहायची गरज काय?

ईमॅक्स स्वतःला ‘स्वतःची माहिती स्वतः देणारा’ एडिटर म्हणवतो, आणि ते खरं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ साली आला. आज त्यातली प्रत्येक कमांड कंट्रोल-एच आणि मग एफ दाबून विचारता येते. मॅन्युअलमध्ये मेल एलियासवर स्वतंत्र विभाग आहे, त्यातली माहिती चूक नाही.

अडचण क्रमाची आहे. तिथे आधी फाइलीची रचना येते, मग नियम, मग कमांड. वाचणारा मात्र उलट्या टोकानं येतो. त्यानं नाव लिहिलेलं असतं, ते उलगडलेलं नसतं, आणि गाडी सुटायच्या आत पेट्यांची यादी पाठवायची असते. कमांड काय करते हे त्याला बहुतेक वेळा माहीत असतं. कधी करते, पत्राच्या कुठल्या भागात करते आणि कधी करत नाही, हे त्याला हवं असतं. आमचं मदतलेखन या तीन प्रश्नांपासून सुरू होतं. प्रत्येक कमांडच्या पानावर ही तीन उत्तरं वरच्या चार ओळींत आलीच पाहिजेत. बाकीचं खाली गेलं तरी चालतं.

मी नाव लिहिलं, पण पत्ता आलाच नाही. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कारणं आम्हाला जेवढी भेटली ती अशी.

तुम्ही पत्राच्या चुकीच्या ओळीत आहात. संक्षेप फक्त पत्त्यांच्या ओळींत उलगडतात: टू, फ्रॉम, सीसी, बीसीसी, रिप्लाय-टू, आणि ‘रीसेंट’ लावलेल्या त्यांच्या जोडओळी. विषयाच्या ओळीत ‘देवगड’ लिहिलंत तर ते ‘देवगड’च राहतं, आणि तसंच राहायला हवं. मजकुरातही तेच. कुठल्या ओळी धरायच्या हे ‘मेल-अ‍ॅब्रेव्ह-मोड-रेजेक्स्प’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या नाव दिलेल्या सेटिंगमध्ये, ठरलेलं आहे. ते बदलता येतं, पण बदलायची गरज आम्हाला आजवर पडली नाही.

तुम्ही नाव लिहून पुढे काहीच टाइप केलं नाही. उलगडणं घडतं ते नावानंतर शब्द तोडणारं चिन्ह टाइप झाल्यावर. नाव लिहून लगेच खालच्या बाणाची कळ दाबून विषयाच्या ओळीत गेलात, तर मागे नाव जसंच्या तसं राहतं. आमच्या शाळेतल्या सरांचं असंच झालं. त्यांच्या यंत्रावर पाठवताना उलगडण्याचीही व्यवस्था नव्हती. पत्र ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आलं आणि वाचनालयाच्या सभेचं बोलावणं दोन दिवस उशिरा गेलं. याच अडचणीसाठी ‘मेल-अ‍ॅब्रेव्ह-नेक्स्ट-लाइन’ आणि ‘मेल-अ‍ॅब्रेव्ह-एंड-ऑफ-बफर’ अशा दोन कमांड आहेत. त्या आधी संक्षेप उलगडतात आणि मग खालच्या ओळीत किंवा पत्राच्या शेवटी नेतात. पण त्या आहेत हे कळायला आधी त्यांचं नाव माहीत असावं लागतं! मदतपानात त्या ‘पत्ता आला नाही’ या शीर्षकाखाली दिसायला हव्यात. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत त्या हरवतात.

तुम्ही नाव दुसरीकडून उचलून आणून चिकटवलं. चिकटवलेला मजकूर टाइप केलेला नसतो, म्हणून तो उलगडत नाही. नावाच्या शेवटी कर्सर नेऊन कंट्रोल-एक्स आणि मग एकेरी अवतरणचिन्ह दाबा. ती ‘एक्स्पांड-अ‍ॅब्रेव्ह’ कमांड आहे.

मेलआरसी फाइल आत्ताच बदलली असेल, तर ‘रीबिल्ड-मेल-अ‍ॅब्रेव्ह्ज’ चालवून ती पुन्हा वाचायला लावा.

उलट झालं. नको होतं तेव्हा उलगडलं.

स्वल्पविरामाच्या आधी कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे तेवढ्यापुरतं उलगडत नाही. आधीच उलगडलं असेल तर नेहमीचं ‘अनडू’ करा. मालवणच्या आमच्या काकू पहिल्या दिवशी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “ह्यां आपोआप कसा बदलला?” त्यांचं ते वाक्य आम्ही या भागाचं शीर्षकच करून टाकलं आहे, कारण मॅन्युअलमधला ‘ऑटोमॅटिक एक्स्पान्शन’ हा शब्द त्या वेळी कोणालाच सुचत नाही.

नाव नीट आठवत नसेल तर?

मेटा-एक्स (म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट धरून एक्स) दाबून ‘मेल-अ‍ॅब्रेव्ह-इन्सर्ट-एलियास’ चालवा. ती नाव विचारते, अर्धं लिहून टॅब दाबलं की जुळणारी नावं दाखवते, आणि निवडलेल्याचे पत्ते कर्सरच्या जागी घालते. पन्नासेक गट सांभाळणाऱ्यांनी हीच कमांड वापरावी असं मी आग्रहानं सांगतो. तिला स्वतःची सोयीची कळ लावून घेतली तर आणखी बरं.

मेलआरसी फाइल कशी लिहायची?

एका ओळीत एक संक्षेप. आधी ‘एलियास’ हा शब्द, मग तुमचं छोटं नाव, मग पत्ते. पत्त्यांमध्ये फक्त मोकळी जागा सोडायची. पत्रात घालताना दोन पत्त्यांमधला स्वल्पविराम ईमॅक्स स्वतः घालतो. आपल्याला स्वल्पविरामाची इतकी सवय असते की फाइलीतही तो घातला जातो. मदतपानात चुकीची ओळ आणि बरोबर ओळ एकाखाली एक दाखवावी, नुसता नियम सांगून भागत नाही.

पत्त्यांच्या जागी आधी केलेलं दुसरं छोटं नावही चालतं. म्हणजे ‘वाशी’ आणि ‘पुणे-अडते’ मिळून ‘घाऊक’ असा मोठा गट होतो. ‘सोर्स’ हा शब्द आणि फाइलीचं नाव लिहिलं तर ती फाइलही वाचली जाते. वाचनालयाचे पत्ते आम्ही अशा वेगळ्या फाइलीत ठेवतो, म्हणजे काम हाती घेणाऱ्या पुढच्या माणसाला तेवढीच फाइल द्यायची. मेलआरसी ही मूळची युनिक्सवरच्या जुन्या मेल प्रोग्रॅमची फाइल. तिच्यात इतर प्रोग्रॅमसाठीच्या ओळी असल्या तर ईमॅक्स त्या सोडून देतो.

आता आपल्या नावांची खरी अडचण. आपण नाव लिहितो ‘ग. वि. अमुक’ असं, आद्याक्षरं आणि टिंबं देऊन. मोकळी जागा असलेला पत्ता पूर्णपणे दुहेरी अवतरणात घालावा लागतो. शिवाय नावात टिंब असेल तर ई-मेलच्या नियमांप्रमाणे ते नावही अवतरणात हवं. म्हणजे अवतरणात अवतरण आलं, आणि आतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मॅन्युअलमध्ये याचं एक उदाहरण आहे, पण एकच. मराठी पानात ही ओळ तुकडे करून सांगायला हवी: हे बाहेरचं अवतरण मेलआरसी फाइलीसाठी, हे आतलं ई-मेलसाठी, ही तिरकी रेघ दोघांची गल्लत होऊ नये म्हणून. असं फोडून लिहिल्यापासून याबद्दलचे प्रश्न जवळजवळ थांबले.

उदाहरणांत खरे पत्ते वापरले तर जास्त कळतं ना?

कळतं, पण वापरायचे नाहीत. ओळखीच्या अडत्याचा पत्ता मदतपानात गेला की तो कायमचा बाहेर गेला. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलं आहे. १९९९ साली इंटरनेटच्या मानकांमध्ये तशी अधिकृत नोंद झाली. पत्ता तिथला घ्यावा, छोटं नाव मात्र आपलं घ्यावं. इंग्रजी उदाहरणांतल्या ‘फू’ आणि ‘बार’ या ठरीव नावांपेक्षा ‘वाशी’, ‘दापोली’, ‘सभासद’ ही नावं वाचणाऱ्याला लगेच कामाशी जोडतात.

कमांडची नावंही मराठीत का करत नाही?

कारण वाचणाऱ्याला ती टाइप करायची आहेत. मराठी केलेली कमांड ईमॅक्सला कळणार नाही, आणि इंग्रजी मॅन्युअलमध्ये शोधायला गेलं तर सापडणारही नाही. नाव तेच ठेवायचं, त्याचा अर्थ एकदा मराठीत सांगायचा.

स्पष्टीकरणातल्या शब्दांवर मात्र आमच्यात बरीच चर्चा झाली. ‘एलियास’ला ‘टोपणनाव’ पटकन पटलं. ‘अ‍ॅब्रेव्ह’ला ‘संक्षेप’. ‘एक्स्पांड’ होण्याला काय म्हणावं यावर एक संध्याकाळ गेली. ‘विस्तारणे’ बरोबर आहे, पण ते बोलताना कोणी वापरत नाही. ‘फुटतो’ असं देवगडकडून सुचवलं गेलं, पण मोडल्यासारखं वाटतं म्हणून सोडलं. शेवटी ‘उलगडतो’ राहिलं: घडी घातलेली गोष्ट उघडते आणि आत होतं तेच दिसतं. एकदा ठरल्यावर सगळ्या पानांत तोच शब्द. एका पानावर ‘उलगडतो’ आणि दुसऱ्यावर ‘विस्तारतो’ असलं तर वाचणारा दोन वेगळ्या क्रिया समजतो, आणि ‘एलियास’-‘अ‍ॅब्रेव्ह’मध्ये जे झालं तेच पुन्हा होतं.

डॉकस्ट्रिंग म्हणजे काय? ती सुधारायची कशी?

प्रत्येक कमांडच्या कोडमध्येच लिहिलेलं तिचं वर्णन म्हणजे डॉकस्ट्रिंग. कंट्रोल-एच, एफ केल्यावर दिसतं ते हेच. तिची पहिली ओळ स्वतःपुरतं पूर्ण वाक्य असावी असा ईमॅक्सचा संकेत आहे, आणि त्याला ठोस कारण आहे: ‘अप्रोपो’ या शब्दावरून कमांड शोधायच्या सोयीनं शोधल्यावर प्रत्येक कमांडसमोर तेवढी पहिली ओळच दिसते. म्हणून त्या एका ओळीत ‘काय’सोबत ‘कधी’ किंवा ‘कुठे’ बसवता आलं तर शोधणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो. ‘पुढच्या ओळीत जाते’ असं लिहिलं तर कमांड निरुपयोगी वाटते. ‘कर्सरआधीचा संक्षेप उलगडून मग खाली जाते’ असं लिहिलं की ती कशासाठी आहे ते कळतं.

लिहून झालं की ‘चेकडॉक’ चालवा. वाक्य पूर्ण आहे का, कमांडला द्यायच्या गोष्टींची नावं कॅपिटल अक्षरांत उल्लेखली आहेत का, अशा गोष्टी ते तपासतं. अर्थ बरोबर आहे का हे ते सांगत नाही. ते माणसालाच वाचून पाहावं लागतं.

मॅन्युअलच्या सूचीकडे तुम्ही इतकं लक्ष का देता?

ईमॅक्सचं मॅन्युअल टेक्सइन्फो या मॅन्युअल लिहिण्याच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. इन्फोमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या मॅन्युअल वाचायच्या भागात, ‘आय’ कळ दाबली की सूचीत शोधता येतं. कमांडसाठी, व्हेरिएबलसाठी आणि कल्पनांसाठी टेक्सइन्फोत सूचीच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. कमांडची नोंद लिहिणारा विसरत नाही. कल्पनेची नोंद विसरतो. वाचणारा ‘टोपणनाव’, ‘पत्त्यांची वही’, ‘गटाला पत्र’ असं काहीतरी शोधतो, आणि सूचीत फक्त ‘मेल एलियास’ असेल तर त्याला वाटतं ही सोयच नाही. दोन-तीन जादा नोंदी घालायला पाच मिनिटं लागतात. संपूर्ण विभाग नव्यानं लिहिण्यापेक्षा या नोंदींचा उपयोग जास्त होतो, असं माझं मत आहे.

मूळ इंग्रजी मॅन्युअलमधली सुधारणा कळवायची कशी?

मेटा-एक्स, ‘रिपोर्ट-ईमॅक्स-बग’. मदतलेखनातली त्रुटीही तिथेच कळवतात, ती कोडमधल्या चुकीइतकीच गंभीरपणे घेतली जाते. नुसतं ‘कळत नाही’ असं लिहू नका. काय वाचलं, त्यावरून काय केलं, काय होईल वाटलं आणि काय झालं, हे चार वाक्यांत लिहा आणि जमल्यास बदललेला मजकूर द्या. साधारण पंधरा ओळींपर्यंतचा बदल तसाच घेतला जातो. त्याहून मोठ्या लेखनासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला (ईमॅक्समागच्या संस्थेला) स्वामित्वहक्क देण्याचं कागदपत्र करावं लागतं. म्हणून सुरुवात छोट्या बदलांनी करावी.

तुमचं काम कधी चालतं?

मार्च ते मेमध्ये हापूसमुळे कोणालाच वेळ नसतो, पण अडचणी सगळ्या त्याच काळात येतात. त्या वहीत टिपून ठेवतो. लेखन जून-जुलैत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मालवणची होडीवाली दोन पोरंही तेव्हा मोकळी असतात आणि पानं तपासून देतात.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. मी काय करू शकतो?

जे आम्हाला सर्वात कठीण जातं, ते. ज्यानं ईमॅक्स नुकताच घेतला आहे अशा माणसाशेजारी बसा, त्याला आमचं पान द्या आणि काही बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठली ओळ दोनदा वाचतो, कुठे कर्सर चुकीच्या ओळीत नेतो, ते लिहून घ्या. मदत करायचा मोह होतो, तो आवरा. दहा मिनिटांच्या अशा टिपणातून आम्हाला खालच्या बाणाच्या कळेची गोष्ट कळली. ती आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण आम्ही सगळे सवयीनं स्वल्पविराम देत होतो.

सध्या अवतरणात अवतरण आणि चिकटवलेलं नाव या दोन भागांची पानं अशी तपासून व्हायची आहेत.